आजारी भाचा, जागी आत्या

थोरामोठ्यांची चरित्रं वाचताना मला एक खोड लागली आहे. नायक काय बोलला ते वाचून झालं, की मी शोधायला लागते, हे सांगितलं कुणी? त्या वेळी तिथे कोण होतं? दिवा कुणी लावला होता, उशाशी कोण बसलं होतं? जुने चरित्रकार बहुतेक सगळे पुरुष. आतल्या घरातलं त्यांना दिसत नाही, ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणारी बहुधा बाई असते. पुष्कळ चरित्रांत तिने सांगितलेलं राहतं आणि ती स्वतः पुसली जाते. क्वचित एखादा चरित्रकार तिला पानावर राहू देतो. माझा विश्वास बसतो तो अशा चरित्रकारावर.

शिया पंथाच्या बारा इमामांची चरित्रं ओळीने सांगणारं 'किताब अल्-इर्शाद' हे पुस्तक मी गेल्या पावसाळ्यात वाचलं ते याच खोडीने. त्याचे कर्ते शेख मुफीद. दहाव्या शतकाच्या मध्यावर जन्मले, १०२२ मध्ये वारले, हयात बगदादमध्ये गेली. मूळ ग्रंथ अरबी. आय. के. ए. हॉवर्ड यांचं इंग्रजी भाषांतर माझ्या मुलाने मागवून दिलं, ते मी डिक्शनरी शेजारी ठेवून पुरं केलं. डिचोलीतल्या जैन घरातल्या बाईने हे वाचण्यासारखं काय आहे, असं आमच्याकडे विचारून झालंच. माझं माहेर सांगलीकडचं. कडेगावचे ते उंचच उंच ताबूत लहानपणी मान मागे टाकून पाहिले होते. त्यांना खांदा द्यायला आमच्या आळीतली हिंदू माणसंही जायची. पण त्या ताबुतामागचं दुःख कुणाचं, हे आम्हा मुलींना कुणी नीट सांगितलं नाही. आणि डिचोली तरी कुठली लांबची? पोर्तुगीज इथे येण्याआधी हा मुलूख विजापूरकरांचा होता. त्या आदिलशाहीचा पहिला सुलतान यूसुफ याने शिया पंथ राज्याचा म्हणून जाहीर केला होता. फोंड्याची साफा मशीद १५६० ची, अली आदिलशहाच्या काळातली, आणि तोही शियाच. तेव्हा घरापासून फार लांब जावं लागलं नाही.

पुस्तकाची ठेवण साधी आहे. एकेका इमामाचा जन्म, आईचं नाव, त्याला इमाम म्हणून नेमल्याचा पुरावा, काही चमत्कार, मृत्यू, दफनाची जागा, शेवटी मुलाबाळांची यादी. बऱ्याच ठिकाणी हे यादीसारखंच वाचावं लागतं, आणि चमत्कारांची काही पानं मी चक्क उलटली. मग हुसेन यांच्या मरणाची आदली रात्र आली आणि माझं वाचणं थांबलं.

सन ६८० मधली, करबलाची रात्र. उद्या सगळे मारले जाणार हे उघड आहे. ही रात्र सांगतो हुसेन यांचा मुलगा अली. तो आजारी आहे. म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी लढायला जाऊ शकला नाही, आणि म्हणूनच सांगायला उरला. त्याच्या उशाशी त्याची आत्या झैनब आहे, शुश्रूषा करते आहे. शेजारच्या तंबूत हुसेन आहेत. एक सेवक तलवार नीट करतो आहे आणि हुसेन काळाच्या बेभरवशाबद्दलच्या ओळी म्हणताहेत, दोनदा, तीनदा. मुलाला अर्थ कळतो. त्याचा गळा दाटतो, पण तो गप्प राहतो. आत्यालाही ऐकू जातं. आणि इथे हा भाचा एक वाक्य टाकतो, की ती बाईमाणूस, हळवेपणा आणि शोक हा बायकांचा स्वभावच. झैनब उठते, वस्त्र फरफटत, उघड्या डोक्याने भावाच्या तंबूत धावते. आई, वडील, थोरला भाऊ, सगळे आजच मेले असं तिला वाटतं. ती बेशुद्ध पडते. हुसेन तिच्या तोंडावर पाणी मारतात, समजावतात, आणि शपथ घालतात, की मी गेल्यावर कपडे फाडू नकोस, तोंड ओरबाडू नकोस. मग तिला परत आणून त्या आजारी मुलापाशी बसवतात.

दवाखान्यात किंवा घरी ज्यांनी रात्री जागवल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रोगी गप्प पडून असतो आणि त्याला सगळं ऐकू येत असतं. आपल्याला वाटतं तो झोपला आहे.

आता चरित्रकार म्हणून मुफीद यांनी काय केलं ते पाहा. हुसेन हे त्यांच्या श्रद्धेने निष्पाप, चूक न करणारे इमाम. अशा पुरुषाच्या शेवटच्या रात्री त्याच्या बहिणीचं भान हरपलं, ही गोष्ट त्यांना गाळता आली असती. वीरपुरुषाची बहीण वीरांगना दाखवली की काम भागतं. त्यांनी गाळली नाही. भाच्याचा बायकांवरचा शेराही गाळला नाही, आणि थोड्याच पानांनी त्या शेऱ्याला उत्तरही तसंच ठेवलं. कूफ्याच्या दरबारात त्या आजारी मुलाला मारायचा हुकूम निघतो, तेव्हा हीच 'हळवी' आत्या त्याला मिठी मारून बसते आणि म्हणते, याला मारायचं तर मला याच्यासकट मारा. मुलगा वाचतो. तो चौथा इमाम. पुढची सगळी परंपरा त्या एका मिठीमुळे चालू राहिली. मुफीद हे दोन प्रसंग शेजारी ठेवून काही बोलत नाहीत. ताळा आपणच जुळवायचा.

आणखी एक. कपडे फाडू नका, असं हुसेन सांगून गेले. पण ९६३ मध्ये, मुफीद लहान असताना, बगदादमध्ये मोहरमचा शोक पहिल्यांदा राजाज्ञेने रस्त्यावर पाळला गेला, तेव्हा बायका केस मोकळे सोडून, तोंडाला काळं फासून बाहेर पडल्याची नोंद इतिहासकारांनी ठेवली आहे. म्हणजे पुस्तकात मनाई आणि रस्त्यावर आक्रोश, दोन्ही एकाच गावात. मुफीद यांच्या वाचकांत, ऐकणाऱ्यांत, त्या बायका असणारच. मॅथ्यू पियर्स या अमेरिकी अभ्यासकाने या इमामचरित्रांवर २०१६ मध्ये एक पुस्तक लिहिलं. शोक हा या चरित्रांचा नुसता शेवट नसून त्यांचा कणाच आहे, असा त्याचा सूर आहे. मला तो पटतो.

इथे आपल्या चरित्रांकडे वळणं भाग आहे. आईंच्या बाबतीत आपण कुठे कमी नाही. चोवीस तीर्थंकरांच्या चोवीस मातांची नावं आपल्याला पाठ असतात, मरुदेवी, विजया, शिवादेवी, वामा, त्रिशला. मुफीद यांच्याकडेही आईचं नाव असतंच, आणि तिथे मला अचंबा वाटला, कारण नंतरच्या इमामांच्या आया बहुतेक दासी होत्या. हमीदा, सबीका, नर्जिस, अशी नावं त्यांनी न लाजता लिहिली. आपल्याकडे राजमाता, त्यांच्याकडे विकत घेतलेल्या बायका, पण नाव दोघींनाही. फरक पुढे पडतो. आपल्या पुराणात मातेला सोळा स्वप्नं पडतात, इंद्र येतो, जन्मकल्याणक थाटात होतं. जिनसेनांच्या 'आदिपुराणा'त ही वर्णनं वाचावीत अशीच आहेत. नंतर मूल मोठं होतं, वैराग्य येतं, पालखी निघते. आणि माता? तिचं काम संपलेलं असतं. पंचकल्याणक पूजेत आईचा मान घेऊन बसलेली बाई पाहा. गर्भ आणि जन्म या दोन दिवशी ती मखरात असते. दीक्षाकल्याणकाच्या दिवशी तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

श्वेतांबर परंपरेत एक कथा आहे, ती मी सासरी आल्यावर शेजारच्या गुजराती काकींकडून पहिल्यांदा ऐकली, मग हेमचंद्राचार्यांच्या 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'त वाचली. बाराव्या शतकातलं हे पुस्तक, पाटणला लिहिलेलं. ऋषभदेव घर सोडून गेल्यावर मरुदेवी रडत राहते. ऊन, पाऊस, थंडी, माझं पोर कुठे असेल, हेच. रडून रडून डोळ्यांवर पडदा येतो. शेवटी नातू भरत तिला हत्तीवर बसवून समवसरणाकडे नेतो. मुलाचं वैभव कानावर येतं, आनंदाश्रूंनी डोळ्यांवरचा पडदा धुऊन जातो, आणि तिथेच, हत्तीच्या पाठीवर, तिला केवलज्ञान होतं आणि ती मोक्षाला जाते. आम्हा दिगंबरांत स्त्रीपर्यायातून मोक्ष मानत नाहीत, त्यामुळे ही कथा आमच्याकडे नाही. सिद्धान्ताचा वाद मी इथे काढत नाही, तो माझा विषयही नाही आणि अधिकारही नाही. पण चरित्र म्हणून पाहिलं तर हेमचंद्रांनी एक गोष्ट केली जी आमच्या पुराणांनी केली नाही. दीक्षेनंतर मागे राहिलेल्या घरात ते जाऊन आले. त्या घरात त्यांना एक म्हातारी दिसली.

राजुलचं उदाहरण कुणी देईल, आणि ते बरोबर आहे. नेमिनाथ लग्नाच्या वरातीतून परतले, कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून. बोहल्याशी उभी राहिलेली राजुल आपल्या बायकांच्या गाण्यांत भरपूर बोलते, रडते, भांडतेसुद्धा. ग्रंथांनी जे थोडक्यात आटोपलं ते गाण्यांनी लांबवलं. इथे फोंडा तालुक्यात बांदिवड्याला नेमिनाथ बस्ती आहे, पडकी, छप्पर नसलेली. तिथे गेले की मला हटकून राजुल आठवते, आणि या भागात तिची गाणी कोणत्या बोलीत म्हणत असतील असं मनात येतं. आमच्या डिचोलीतच नार्व्याला जैनकोटाचे अवशेष आहेत. दगड आहेत, गाणं नाही.

आता बायकोकडे येऊ, कारण सगळ्या चरित्रकारांचा तोल इथेच जातो. आई वंद्य, बहीण धीराची, लेक गुणाची, आणि बायको? इमामांच्या चरित्रांत बायकोच्या हातात विषाचा पेला असतो. दुसरे इमाम हसन यांना त्यांची पत्नी जअदा हिने विष घातलं, तिला पैशाचं आणि दुसऱ्या लग्नाचं आमिष होतं, असं मुफीदही सांगतात. नववे इमाम जवाद हे वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ८३५ मध्ये, बगदादला वारले. त्यांची पत्नी उम्म अल्-फझ्ल, खलिफा मामूनची लेक. पुढच्या काळातल्या ग्रंथांत तिच्यावरही विषप्रयोगाचा ठपका येतो. पण मुफीद इथे थांबतात. विष घातल्याचं सांगतात खरं, पण माझ्यापर्यंत तशी पक्की वार्ता पोचलेली नाही, म्हणून मी तशी साक्ष देणार नाही, या अर्थाचं ते लिहितात. भक्तिभावाने लिहिणाऱ्या माणसाला हे किती जड जात असेल! विष मानलं असतं तर इमाम हुतात्मा ठरत होते, वाचकही तेच ऐकायला बसला होता. एका बाईवरचा आरोप पुराव्याअभावी त्यांनी सोडून दिला. सबंध पुस्तकात मला मुफीद सर्वात आवडले ते इथे.

याच उम्म अल्-फझ्लचं एक पत्र त्यांनी दिलं आहे. मदिनेहून बापाला लिहिलेलं. नवरा दासी ठेवतो, असं गाऱ्हाणं. बापाचं उत्तर असं, की जे त्याला धर्माने मोकळं आहे ते बंद करायला आम्ही तुला दिलेली नाही, पुन्हा अशी तक्रार लिहू नकोस. ग्रंथात हे पत्र आलं ते जावयाची थोरवी सांगायला. पण वाचणारी बाई असली की ती पत्राच्या बाजूने वाचते. माहेरी पाठवलेलं गाऱ्हाणं आणि माहेरून आलेलं 'गप बस', हे हजार वर्षांत फारसं बदललेलं नाही.

कुणी म्हणेल, ते त्यांचं झालं. मग आपला यशोधर काढा. मुफीद लहानाचे मोठे होत होते त्याच सुमारास, ९५९ मध्ये, आपल्या सोमदेवसूरींनी 'यशस्तिलक' पुरं केलं. राणी अमृतमती रात्री कुरूप माहुताकडे जाते, राजाला ते दिसतं, पुढे ती राजाला आणि सासूला, दोघांनाही विष घालते. मराठीतही जैन कवींनी ही कथा लावून धरली, मेघराजाचा 'जसोधर रास' आहे. कथेचा गाभा काय, तर पिठाचा कोंबडा कापला तरी हिंसेचा दोष लागतोच, भाव महत्त्वाचा. विलक्षण गाभा आहे. शाळकरी पोरालाही पटेल आणि पंडितालाही विचारात पाडेल. पण तो सांगायला विषारी बायको का लागावी? राजाला सर्प डसला असता तरी पुढचे जन्म झालेच असते की. वैराग्याकडे जाणाऱ्या पुरुषाला ढकलायला कुणीतरी वाईट लागतं, आणि घरात हाताशी बायकोच असते. बगदाद असो की राष्ट्रकूटांचा मुलूख, चरित्रकारांनी एकच खुंटी वापरली.

महिपतींनी तुकोबांच्या आवलीचं काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. 'भक्तविजय' १७६२ चा. त्यातली आवली कजाग, देवालाही बोल लावणारी. तरी महिपती मनाने चांगले. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणाऱ्या तिच्या पायात काटा मोडतो आणि तो काढायला विठोबा स्वतः येतो, हे ते सांगतातच. घरात दाणा नाही हा तिचा ओरडाही ते पूर्ण ऐकवतात. कीर्तनात लोक तिथे हसतात. मी पेडण्याला सोहिरोबानाथांच्या चरित्राचं एक आख्यान ऐकलं होतं. १७१४ चा बांद्याचा जन्म, गैबीनाथांची भेट, कुलकर्णीपण सोडणं, उत्तरेची वाट धरणं, शेवटी १७९२ मध्ये उज्जैनला अदृश्य होणं, सगळं रंगून सांगितलं बुवांनी. पेडण्याला त्यांच्या नावाचं कॉलेजही आहे, माणसं अभिमानाने सांगतात. मागे बांद्याच्या घरी कोण होतं, याला त्या दोन तासांत एक मिनिट मिळालं नाही.

मग मराठीत असं कुणी केलंच नाही का? केलं, आणि सगळ्यांच्या आधी केलं. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' सुमारे १२७८ चं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी ऋद्धिपूरला नागदेवाचार्यांकडून आणि जिथे जिथे साक्षीदार होते तिथे जाऊन लीळा गोळा केल्या. साक्षी जुळल्या नाहीत तिथे वेगळे पाठही टिकून राहिलेले दिसतात. आणि साक्षीदारांत बायका किती! बाइसा, महदाइसा, उमाइसा. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय लागलं, थंडीत काय पांघरलं, हे बारकावे त्यांच्या नजरेतून आल्यासारखे वाटतात. महदाइसा तर प्रश्नावर प्रश्न विचारते, आणि ते प्रश्न ग्रंथात राहतात. विटाळाबद्दल स्वामींनी जे रोखठोक सांगितलं, की नाकाला शेंबूड येतो तसाच हा देहाचा धर्म, तेही या बायकांसमोरचंच बोलणं. मूळ पोथी परचक्रात गेली. अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, त्यात हिराइसेच्या पाठांतराचा वाटा मोठा मानतात. म्हणजे मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ बायकांच्या साक्षीवर उभा राहिला आणि एका बाईच्या स्मरणातून तगला. 'स्मृतिस्थळा'त प्रसंग आहे, केशोबास संस्कृतात लिहायला निघतात तेव्हा भटोबास त्यांना अडवतात, त्याने माझ्या म्हाताऱ्या बायांचं नुकसान होईल म्हणून. चरित्रं आणि शास्त्र कुणासाठी लिहायचं, याची इतकी सरळ समज मला दुसरीकडे कुठे दिसली नाही, मुफीद यांच्याकडेही नाही. 'आपल्या' मराठीचा अभिमान वगैरे भाषणांत हा प्रसंग नेहमी येतो, पण म्हाताऱ्यांना गाळून.

हे सगळं आत्ताच लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीची गेल्या वर्षी आर्यिका दीक्षा झाली. तिच्या चरित्राची छोटी पुस्तिका निघते आहे. बत्तीस पानं, रंगीत फोटो, शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आली. भाषा सोज्वळ आहे. 'मातेने हसतमुखाने अनुमती दिली' असं एक वाक्य आहे. मी त्या मंडपात होते. अनुमती तिने दिली, खरं आहे, मनापासून दिली. लेकीची निष्ठा तिला आमच्याहून जास्त माहीत होती. पण केशलोच सुरू झाला तेव्हा ती पुढच्या रांगेत नव्हती. मी शोधत मागे गेले तर चौक्यात, सोवळ्याच्या पातळात, ती तूरडाळ निवडत बसली होती. डाळ आधीच निवडलेली होती. मला पाहून म्हणाली, "ताई, तिचे केस लहानपणी मीच विंचरायचे. एवढंच बघवत नाही. बाकी सगळं बघेन." आणि पिंछी-कमंडलू देताना खरंच येऊन उभी राहिली.

एवढं पुस्तिकेत घालावं, असं मी संपादक मंडळातल्या भाऊंना सुचवलं. ते म्हणाले, "त्याने दीक्षेला उणेपणा येईल, लोक म्हणतील आईची इच्छा नव्हती." भाऊ सज्जन आहेत, त्यांची काळजी मला कळते. मी त्यांना करबलाची ती रात्र सांगितली. बहीण बेशुद्ध पडली म्हणून हुसेन कुणाला लहान वाटले नाहीत, आणि तेराशे वर्षं माणसं रडतात ती त्या बहिणीच्या तोंडूनच. "ते मुसलमानांचं," ते म्हणाले. मग मी मरुदेवी काढली. "ते श्वेतांबरांचं." मग मी गप्प बसले, आणि प्रुफाच्या समासात, बाराव्या पानावर, डाळीचं ते वाक्य पेन्सिलीने लिहून दिलं. आईचं नावही लिहिलं, ते मूळ मजकुरात फक्त 'मातोश्री' असं होतं. पुस्तिका चातुर्मासाआधी छापून यायची आहे.